मुंबईजवळची शांत बेटे, एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी घरून निघून रात्रीच्या जेवणाला परत, एवढ्या वेळात होणाऱ्या बेटांबद्दल ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवतो आहे. घारापुरी (एलिफंटा), खांदेरी, अलिबागचा कुलाबा किल्ला, अर्नाळा, गोराई-मनोरी आणि पाणजू एवढ्यांबद्दलच इथे आहे. मुरुडचा जंजिरा किंवा मालवणचा सिंधुदुर्ग नाही, कारण तिकडे मुंबईहून जाऊन यायचे म्हटले तर दिवस गाडीतच संपतो.

मुंबईच्या इतक्या जवळ शांत जागा खरंच उरली आहे का?

उरली आहे, पण ती वारावर आणि वेळेवर अवलंबून आहे. रविवारी दुपारी बारा वाजता घारापुरीच्या पायऱ्यांवर उभे राहिलात तर दादर स्टेशनात उभे असल्यासारखे वाटेल. मंगळवारी किंवा बुधवारी पहिल्या लाँचने गेलात तर त्याच लेण्यात स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे “कोणते बेट शांत?” असे कुणी विचारले की मी उलट विचारतो, “रजा कधी मिळेल?” मधल्या वारी एक दिवस काढता आला तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे भरती-ओहोटीकडे असते, आणि लोक नेमके तेच विसरतात.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

फोनवर तक्ते मिळतात, मुंबईच्या वर्तमानपत्रांतही रोज वेळा छापून येतात. निघण्याआधी ते पाहाच. पण किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब एकदा शिकून घ्या, मग कॅलेंडरवर बोट ठेवूनच सहलीचा दिवस ठरवता येतो.

तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. तिथी पंधरवड्याची, मग शुद्ध असो की वद्य. एकादशी असेल तर अकराला तीनने गुणून चाराने भागा: सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असणार आणि रात्रीही साधारण त्याच सुमारास. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी अडीचला पाणी सर्वात खाली. हा हिशोब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून दिवस ठरवायला तिथी आणि पाऊल टाकायला छापील तक्ता, असे मी करतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही, ते उधाण. मुंबईत अशा दिवसांत भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. भांगाच्या दिवसांत समुद्र तुलनेने सौम्य असतो, पण ओहोटीलाही पाणी पुरते मागे हटत नाही. होडीने जायचे असेल तर भांग सोयीचा. कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणी चालत जायचे असेल तर गैरसोयीचा.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो तोवर पाणी निवांत असते. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. छोट्या होडीने जायचे असेल तर जाणे-येणे शक्यतो दुपारच्या आत उरका.

घारापुरीला तर सगळेच जातात. तिला शांत बेटांत का धरता?

कारण सगळे जातात ते लेण्यापर्यंत आणि तिथूनच परत फिरतात. धक्का, छोटी आगगाडी, टपऱ्यांमधून चढणाऱ्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, मुख्य लेणे, फोटो, परत. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत, हे कित्येकांच्या कानावरही आलेले नसते.

माझा दिवस असा असतो. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास सुटणारी पहिली लाँच पकडायची. साधारण दहा-अकरा किलोमीटरचे अंतर, तासाभराचा प्रवास. वरच्या डेकवर बसायला थोडे जादा पैसे पडतात, ते द्यावेत. डाव्या-उजव्या हाताला नांगरलेली जहाजे, वाटेत तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू दिसतो. उतरल्यावर पहिल्याच लाँचची माणसे वर पोचेपर्यंत आपण लेण्यात असावे. मुख्य लेणे पाहून झाले की उलटी गर्दी सुरू होते, तेव्हा टेकडीवर चढायचे. वर दोन प्रचंड तोफा आहेत आणि तिथून बंदराचा सगळा विस्तार दिसतो. मग खाली उतरून मोराबंदरच्या बाजूला जायचे. पूर्वेकडच्या टेकडीला स्तूप टेकडी म्हणतात, कारण तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. त्या वाटेवर दोन तास चालून कधी कधी एकही पर्यटक भेटत नाही.

सोमवारी लेणी बंद असतात. हे मी दोनदा लिहायला तयार आहे, कारण दर वर्षी कुणीतरी सोमवारची रजा काढून मला फोन करते.

लेण्यात नेमके काय पाहायचे?

आत शिरल्यावर लगेच महेशमूर्तीकडे, म्हणजे शिवाच्या तीन मुखांच्या मूर्तीकडे, धावू नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तोवर दगड नुसता दगड दिसतो. एका खांबाशी बसा. मग दक्षिणेच्या भिंतीतून वीसेक फुटांची ती तीन मुखे हळूहळू पुढे येतात. मधले मुख मिटल्या डोळ्यांचे, अंतर्मुख. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला उग्र भैरव, उजव्या हाताला कमळ घेतलेले कोमल मुख. महेशमूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर शिव आहे. शिवपार्वतीचे लग्न, अंधकासुराचा वध, कैलास हलवू पाहणारा रावण, नटराज आणि योगीश्वर हेही एकेक करून पाहा. पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटले आहेत, तरी लग्नाच्या शिल्पातली पार्वतीची झुकलेली मान पाहून माणूस थांबतोच.

ही लेणी साधारण सहाव्या शतकातली मानतात. १९८७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटले तो हत्ती आता बेटावर नाही. इंग्लंडला नेण्यासाठी १८६४ साली उचलताना तो फुटला. पुढे जोडलेला तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. मुलांना आधी तो दाखवा आणि मग बेटावर न्या, त्यांना फार मजा येते.

आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना नेता येईल का?

घारापुरीला येईल. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे आणि पायऱ्या चढवत नसतील तर डोली मिळते. भाव आधी ठरवा, आणि डोली वाहणारे त्याच बेटावरचे कष्टकरी आहेत हे लक्षात ठेवून घासाघीस करा. लाँचमध्ये चढताना-उतरताना मात्र हात धरायला एक माणूस हवाच, कारण लाँच वरखाली होत असते. माकडे हातातली पिशवी आणि बाटली ओढतात, म्हणून खाऊ दिसेल असा धरू नका. खांदेरी आणि अर्नाळ्याला गुडघाभर पाण्यात उतरायची वेळ येऊ शकते, तिथे वयस्कर माणसांना नेण्याआधी दोनदा विचार करा.

लाँचचा प्रवास सुरक्षित आहे का?

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यात लहान मुलेही होती. त्या दिवसानंतर मी लाँचमध्ये पहिल्यांदा लाइफ जॅकेट अंगात चढवतो आणि मग खिडकी शोधतो. तुम्हीही तेच करा. जॅकेट नुसते मांडीवर घेऊन बसू नका, पट्टे बांधा. मुलांच्या मापाचे आहे का ते चढतानाच विचारा. लाँच खचाखच भरलेली दिसली तर पुढची घ्या, अर्धा तास गेला तर गेला. छोट्या होडीतही जॅकेट मागा. नसेल तर त्या होडीतून जाऊ नका, नाखवा कितीही ओळखीचा असला तरी.

खांदेरीला जायचे कसे? आणि तिथे आहे काय?

गेटवेहून मांडवा, तिथून अलिबागच्या रस्त्याने थळ. थळच्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांच्या होड्या जातात. नियमित वेळापत्रक नाही, होडी ठरवावी लागते, म्हणून पाच-सहा जणांनी मिळून जाणे परवडते. समुद्र बरा असेल तर अर्धा-पाऊण तास लागतो. तांडेल म्हणाला “आज नको”, तर आज नको. जास्त पैसे देऊ करून त्याला भरीस घालू नका.

मुंबई बंदराच्या तोंडावर आरमारी ठाणे हवे म्हणून शिवाजी महाराजांनी १६७९ साली मायनाक भंडारी यांच्याकडून या बेटावर किल्ला बांधायला सुरुवात केली. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, त्यांनी जहाजे पाठवली, समुद्रात लढाई झाली, पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिल्या आणि काम थांबले नाही. शेवटी इंग्रजांना तह करावा लागला. शेजारच्या उंदेरीवर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला आणि ती दोन बेटे पुढे किती तरी वर्षे एकमेकांवर तोफा डागत राहिली. मुंबईच्या मराठी माणसाने आयुष्यात एकदा तरी या बेटावर उभे राहून उत्तरेला मुंबईकडे पाहावे असे मला मनापासून वाटते.

आज तिथे १८६७ सालचे दीपगृह आहे, तटबंदी बरीच शाबूत आहे, आणि लोखंडी चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या तोफा आहेत. तोफ गाड्यासकट पाहायला मिळणे फार दुर्मीळ. कोळ्यांच्या श्रद्धेचे वेताळाचे स्थान आहे, तिथे चप्पल काढून जा. आणि एक मोठा खडक आहे, त्यावर लहान दगडाने ठोकले की भांड्यावर ठोकल्यासारखा धातूचा नाद येतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे. त्यामुळे पुढे गर्दी वाढेल. जायचे असेल तर लवकर जाऊन या.

उंदेरीला उतरणे अवघड आहे, खडक फार. मी होडीतूनच फेरी मारतो.

अलिबागच्या किल्ल्यात चालत जाता येते म्हणतात, ते खरे का?

खरे आहे, ओहोटीला. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोरच आहे. पाणी ओसरले की वाळूतून आणि खडकांवरून वाट उघडी पडते, घोडागाड्याही जातात. दशमी ते द्वादशीच्या सुमारास ओहोटी दुपारी येते, ते दिवस मुंबईहून येणाऱ्याला सोयीचे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. पाणी परत येते ते समोरून धावत येत नाही, बाजूच्या सखल भागातून गुपचूप भरते आणि कळते तेव्हा परतीची वाट तुटलेली असते. अशा वेळी पाण्यात उतरू नका, किल्ल्यातच थांबा आणि होडी मिळते का पाहा.

आत आंग्र्यांच्या काळचे गणपती पंचायतनाचे देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये हे गोडे पाणी, या एका गोष्टीसाठी मी तिथे पुन्हा जातो. उत्तरेला सर्जेकोट हा लहानसा जोडकिल्ला आहे, तिकडे लोक फारसे फिरकत नाहीत.

अर्नाळा म्हणजे ते रिसॉर्टवालेच ना?

रिसॉर्ट किनाऱ्यावरच्या अर्नाळा गावात. मी म्हणतो ते बेट त्यासमोर आहे. विरारला उतरून पश्चिमेकडून बसने किंवा रिक्षाने अर्नाळा, किनाऱ्यावरून होडी, आणि काही मिनिटांत पलीकडे. ओहोटीला होडीपर्यंत पाण्यातून चालावे लागते, तेव्हा पँट दुमडता येईल अशी घाला.

वैतरणेच्या मुखाशी असलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत आणि बाजीरावांचे नाव असलेला शिलालेख आहे. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ आणि अष्टकोनी तळे, बाहेर कालिकादेवीचे देऊळ. तटाच्या भोवती कोळ्यांचे गाव नांदते आहे: दारात जाळी विणणारी माणसे, अंगणात सुकत घातलेली मासळी, शाळेतून पळत येणारी मुले. आपल्या नौदलाने २०२५ च्या जूनमध्ये आयएनएस अर्नाळा ही युद्धनौका ताफ्यात घेतली, तिचे नाव याच किल्ल्यावरून आहे.

गोराई आणि मनोरी बेटे आहेत का? तिकडे तर बस जाते.

भाईंदर-उत्तनकडून रस्ता आहे, पण मुंबईकरासाठी त्यांची खरी वाट पाण्याची. मालाडच्या मार्व्याहून मनोरी, बोरिवलीकडून गोराई. मार्व्याची फेरी पाच-दहा मिनिटांची, दुचाकीही चढते. स्वस्तात, अर्ध्या दिवसात, लहान मुलांना खाडी दाखवायची असेल तर याहून चांगले काही नाही. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरे, वेशीवरचे क्रूस, तिवरांची गर्दी पाहत सायकलने फिरा. गोराईला विपश्यना पॅगोडा आहे.

पाणजू हे नाव ऐकले नाही. कुठे आहे?

तुम्ही पाहिले आहे. भाईंदरहून नायगावकडे जाणारी लोकल खाडीच्या पुलावर चढते, मध्ये थोडी जमीन लागते, घरे आणि झाडे दिसतात, आणि पुन्हा पूल सुरू होतो. ती जमीन म्हणजे पाणजू. रोज लाखो माणसे या गावावरून जातात आणि गाडी इथे थांबत नाही. गावकरी नायगावकडून होडीने ये-जा करतात.

तिथे पर्यटनाची सोय नाही, हॉटेल नाही. म्हणून तिथे जाताना कुणाच्या तरी घरी चाललो आहोत अशा बेताने जा. दोघे-तिघेच, मोठ्या आवाजाशिवाय, शक्य असेल तर कुणाच्या ओळखीने. रूळावर किंवा पुलावर पाय ठेवू नका. खाडीकाठी बसून पक्षी पाहा आणि वरून गाडी गेली की वर पाहा. एरवी आपण ज्या दारात लटकलेले असतो ते दार खालून पाहिल्यावर मला काय वाटले ते अजून नीट सांगता येत नाही.

पावसाळ्यात गेले तर?

नको. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, घारापुरीच्या फेऱ्या हवामान पाहून चालतात. १ जूनपासून मासेमारीही बंद होते. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण हौसेने जाऊ नये. नारळीपौर्णिमा होऊ द्या, समुद्र शांत होऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात उत्तम.

जेवण, पाणी, स्वच्छतागृह?

घारापुरीला सगळे मिळते. गावात आधी सांगितले तर काही घरांतून तांदळाची भाकरी आणि ताजी मासळी मिळते, ती टपरीवरच्या नूडल्सपेक्षा शंभर पट चांगली. खांदेरीला काही मिळेल असे धरून चालू नका, माणशी दोन लिटर पाणी न्या. स्वच्छतागृह तर नाहीच असे समजून अलिबागला किंवा थळला आधी सोय पाहून घ्या. बायकांना हे कुणी आधी सांगत नाही आणि सगळी सहल त्या ताणात जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

बेटावरच्या लोकांशी वागताना काय पाळावे?

सुकत घातलेली जाळी ओलांडू नका, वळसा घाला. मासळी निवडत बसलेल्या मावशींचा फोटो विचारून काढा, आणि नको म्हणाल्या तर तिथेच थांबवा. घारापुरीला पक्की वीज २०१८ साली समुद्राखालच्या केबलने पोचली, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी, मुंबईचे दिवे समोर दिसत असताना. अशा ठिकाणी आपली बाटली आणि वेष्टने टाकून येऊ नये. कचरा पिशवीत घालून गेटवेपर्यंत परत आणा.

रात्री राहता येईल का? तंबू टाकून?

घारापुरीला पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. परतीची शेवटची लाँच साधारण साडेपाचची, पण नक्की वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारा. अर्नाळ्याच्या किंवा खांदेरीच्या किल्ल्यात तंबू टाकायचा विचार सोडा. राहायचेच असेल तर अलिबागला राहा.

ड्रोन नेऊ का?

नाही. मुंबई बंदरात नौदलाचा तळ आहे, पलीकडे तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्र आहे. वाटेतल्या जवाहर द्वीपावरही उतरता येत नाही.

एकच बेट निवडायचे असेल तर?

पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत घरची मंडळी असतील, तर घारापुरी. पण एकटे किंवा दोघे असाल तर मी अर्नाळा सांगेन. डिसेंबरमधला एखादा बुधवार, सकाळी विरारला आठच्या आत. तिथी अशी बघा की होडी धरताना पाणी चढते असेल. तटावर पश्चिमेच्या बुरुजावर जाऊन बसा, डबा तिथेच उघडा. परत येताना देवळापाशी कुणी ना कुणी विचारतेच, कुठून आलात. दादरहून म्हटले तर हसतात, म्हणतात, मग लांब नाही. आणि होडी येईपर्यंत बसायला ओटा दाखवतात.